आरतीनंतरचा अर्धा पिक्चर

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, मुखेडच्या व्यापारी मंडळींचे आधारस्तंभ आणि बेलाप्पा महाराज मठाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख, आदरणीय व्यंकटरावजी. भांड्याच्या दुकानात बसून पिक्चर काढायची हिंमत करणारे निर्माते चंद्रप्पाशेठ. आमचे तरुण दिग्दर्शक दयानंदभाऊ. पडद्यावर साक्षात महाराज झालेले एस.टी.चे कंडक्टर शेषेराव. जिचा आज सत्कार आहे ती आमची सुकन्याताई. व्यासपीठावर खुर्ची मिळाली नाही म्हणून खाली पहिल्या रांगेत नाराज होऊन बसलेले मान्यवर. आणि माझ्या टॉकीजच्या मोडक्या खुर्च्यांवर वर्षानुवर्षं स्वतःला सांभाळून बसणारे मायबाप प्रेक्षकहो, तुम्हा सगळ्यांना या शिवशंकर टॉकीजवाल्याचा शरणु शरणार्थी.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं ‘चित्रपटाचे व्यावसायिक यश : एक सिंहावलोकन’ असं छापलंय. हे कुणी छापलं मला ठाऊक नाही. मी टॉकीज चालवतो. सिंह असतो तर टॉकीज कशाला चालवली असती? पण विषय दिलाच आहे तर बोलतो, आणि जे झालं तेच बोलतो. अध्यक्षांनी मधे घंटी वाजवली तरी माझी हरकत नाही, टॉकीजवाल्याला घंटीची सवय असते.

बाहेरगावच्या पाहुण्यांना एक प्रश्न पडला असेल. बदली झालेल्या तहसीलदाराला निरोप देतात, निवृत्त झालेल्या गुरुजींना देतात. पिक्चरला कुठं निरोप देतात का? नाही देत. त्याचं असं झालं, आमच्या ‘बेलाखालचा देव’ पिक्चरचं पोस्टर उतरवायचं म्हणून मी माणूस शिडीवर चढवला. तो वरपर्यंत गेला आणि तसाच खाली आला. म्हणाला, "मालक, महाराजांच्या छातीत उचकटणं घालू का मी? माझ्या घरी लेकरं हायेत." दुसरा बोलावला, तोही पळाला. शेवटी मठात जाऊन विचारलं. मठानं सांगितलं, रीतसर निरोप द्या, नारळ फोडा, मग पोस्टर उतरवा. व्यंकटरावजींनी त्यात भाषणं जोडली. भाषणाशिवाय नारळ फुटत नाही अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि श्रद्धेबद्दल मी काही बोलत नसतो.

तर हा पिक्चर उद्या इथून लातूरला चाललाय. त्याच्याबरोबर सुकन्याताईसुद्धा चालली आहे. ती का चालली, हेच मला आज सांगायचंय.

चंद्रप्पाशेठनी पिक्चर काढायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं यांना उन्हाचा त्रास झाला. शेठ म्हणाले, "महाराजांनी स्वप्नात येऊन सांगितलं." मी म्हणालो, "महाराजांनी पैशाचं काय सांगितलं?" त्यावर शेठ एक तांब्या घेऊन पुसायला लागले. दिग्दर्शक म्हणून त्यांनी दयानंदला धरलं, कारण दयानंदकडं कॅमेरा होता. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचे व्हिडिओ याच गड्यानं काढलेत. त्यामुळं आपल्या पिक्चरात महाराज जन्माला येतात तेव्हा पाळण्यावर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात आणि कोपऱ्यात दोन मोर नाचतात. ते मोर तुमच्या सगळ्यांच्या लग्नात नाचून गेलेले आहेत, नीट बघा. कैलास पर्वत जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगावर काढला. आमच्या शेषेरावांना महाराज केलं, का तर त्यांची दाढी आधीच होती. बेलाखाली भक्तांची गर्दी होते त्या प्रसंगात त्यांच्या तोंडून "चला, पुढं सरका, पुढं सरका" निघून गेलं. दयानंदनं ते तसंच ठेवलं. लोकांना वाटलं महाराजांचा उपदेश आहे. आता गाड्यांच्या मागं लिहून राहिलेत लोक, ‘पुढं सरका : बेलाप्पा महाराज’. हसा, हसा. शेषेराव पण हसताहेत.

आता कथा. ती तुम्हाला पाठ आहे, निदान अर्धी तरी. महाराज संसारी माणूस होते. गौरम्मा नावाची बायको, पाळण्यात तान्ही पोर. एके दिवशी शिवाची हाक आली, महाराज उठले, घर सोडून बेलाच्या झाडाखाली जाऊन बसले आणि देव झाले. इथं दयानंदनं मोठी आरती घातली. ढोल, शंख, हजार दिवे. तो म्हणाला, "काका, इंटरवलला असा धमाका पाहिजे की पब्लिक खुर्चीतून उठलं पाहिजे."

उठलं ना. असं उठलं की विचारू नका.

पहिल्या दिवशी काय गर्दी! लोकांनी चपला बाहेर काढल्या. टॉकीजच्या बाहेर चपला! मी जन्मात बघितलं नव्हतं. हाऊसफुल्लचा बोर्ड शोधायला लागलो तर तो पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून घातलेला. तो धुऊन लावला. पडद्यावर आरती सुरू झाली आणि अख्खं थिएटर उभं राहिलं. टाळ्या, कापूर, बायकांच्या डोळ्यांत पाणी. आमचा सोमेश, म्हणजे सुकन्याताईचा नवरा, मठातून ताट घेऊनच आला होता. त्यानं सगळ्या रांगांतून आरती फिरवली, खोबरं-साखर वाटली. जयजयकार झाला. लोकांनी पडद्याला हात जोडले आणि बाहेर पडले.

मला वाटलं चहाला चालले. समोसे तळून तयार होते. मी घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. कोणी येईना. बाहेर येऊन बघतो तर चपलांचा ढीग गायब, फक्त दोन जोड शिल्लक. आत जाऊन बघितलं तर दोन माणसं खुर्चीत झोपलेली.

मी रस्त्यावर पळालो. संगप्पा आडतवाले जात होते, त्यांना अडवलं. म्हणालो, "अहो, अर्धा पिक्चर बाकी हाय!"

ते म्हणाले, "आरती झाली की मालक."

"हाव, पण गोष्ट बाकी हाय ना!"

"महाराज घर सोडून गेले. आता पुढं काय असतंय?"

मंडळी, दयानंद पुण्याला जाऊन कोर्स करून आलेला, मी आयुष्यभर टॉकीज चालवलेली, शेठ मठाच्या कमिटीवर. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही की आपल्याकडं आरती झाली म्हणजे कार्यक्रम संपला. सप्ताह असो, पूजा असो, गणपती असो. आरती, प्रसाद, चपला, घर. ही चूक मुंबईवाल्यानं केली असती तर मी समजू शकलो असतो.

आता खरी गंमत ऐका. आमचा धंदा जोरात चालला. लोक पूर्ण तिकीट काढून अर्धा पिक्चर बघायचे आणि तृप्त होऊन जायचे. तेच लोक सोमवारी परत यायचे. समोसा खपत नव्हता, उपवासाचा वडा खपायला लागला. चंद्रप्पाशेठ मला म्हणाले, "शिवशंकर, पुढचा भाग कशाला दाखवून राहिलास? कोणी बसतंय का? लाइट जाळू नको. तेवढ्या वेळात अजून एक खेळ बसतो." मला शेठचं म्हणणं एकदम पटलं. धंद्याच्या गोष्टी मला लवकर पटतात. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आरतीला पिक्चर संपवला. लोकांना कळलंसुद्धा नाही. नांदेडच्या वितरकाचा फोन आला, "काय राव, मुखेडात तुम्ही आग लावली." वर्तमानपत्रात आलं. अध्यक्षांनी मठात शेठचा सत्कार केला. अध्यक्षांनी तेव्हा आरतीपर्यंतचाच पिक्चर बघितलेला होता, पण सत्काराला तेवढा पुरतो.

आणि एका दुपारी सुकन्याताई माझ्या ऑफिसात आली. हिचं आणि सोमेशचं बाजारात किराणा दुकान आहे. दुकान हीच बघते. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, माझा पार्ट कुठं गेला?"

मी गडबडलो. खरंच की! ती गौरम्मा झालेली. आरतीच्या आधी तिला दोनच ठिकाणी काम आहे. एकदा नवऱ्याच्या पाया पडते आणि एकदा घागर घेऊन पाठमोरी जाते. बाकी तिचं सगळं काम आरतीच्या पलीकडं. मी म्हणालो, "ताई, लोक थांबत न्हाईत, मी तरी काय करू? धंदा चांगला चाललाय. पोस्टरवर तुझा फोटो हाय की." पोस्टरवर तिचा फोटो रुपयाएवढा आहे, तोसुद्धा जुन्या रुपयाएवढा नाही, नव्या.

ती म्हणाली, "मला लोकांला दाखवायचा नव्हता भाऊ. एकाच माणसाला दाखवायचा व्हता. अन् तो बी तुमच्या आरतीबरोबर निघून जातो."

तो माणूस म्हणजे सोमेश. त्याला सगळं मुखेड ओळखतं. असा सेवेकरी दुसरा सापडायचा नाही. मठात पहाटे झाडलोट करायला सोमेश, पंगतीत वाढायला सोमेश, कुणाचं मयत असो की लग्न, धावून जायला सोमेश. दारू नाही, तंबाखू नाही. गाव म्हणतं, नवरा असावा तर असा. फक्त तो घरी नसतो. मठात शंभर माणसांची भांडी घासतो आणि घरात स्वतःचं ताट उचलत नाही. दुकान ताई बघते, माल ताई आणते, पोरगी शिवांगी, तिची शाळा, ताप, सर्दी सगळं ताई बघते. यावर तक्रार कशी करायची? दारुड्याची तक्रार करता येते. देवाच्या कामात असलेल्या माणसाची कोण ऐकून घेणार? तिच्या आईनंच तिला सांगितलेलं, "पुण्यवान हाईस, गप ऱ्हा."

मी शेठना जाऊन म्हणालो, आरती शेवटी टाकू या. दयानंद म्हणाला, होतंय. शेठ माझ्या अंगावर आले. "चाललेला पिक्चर हाय! बिलकुल हात लावायचा न्हाई! महाराज कोपतील!" महाराजांचा कोप आणि शेठचा गल्ला यांचं नेहमी एकमत असतं. मी परत येऊन ताईला सांगितलं, जमत नाही.

ताईनं आरती हलवलीच नाही. तिनं प्रसाद हलवला.

थांबा, टाळ्या नंतर वाजवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई टेम्पोतून चूल, लाकडं आणि हे एवढं मोठं पातेलं घेऊन माझ्या टॉकीजच्या अंगणात आली. पातेलं चंद्रप्पाशेठच्याच दुकानातून आणलेलं, मठाच्या कामाला पाहिजे म्हणून. तिनं हुग्गी चढवली. लातूरकडच्या आणि आपल्याकडच्या माणसाला हुग्गी सांगावी लागत नाही, पण व्यासपीठावर पाहुणे आहेत म्हणून सांगतो, गव्हाची खीर. गूळ, खोबरं, वेलदोडा, वरून तूप. दारावर पाटी लावली, ‘आजपासून महाराजांचा हुग्गीचा प्रसाद, पिक्चर संपल्यावर’. आणि मला म्हणाली, "भाऊ, आता पिक्चर शेवटपर्यंत चालवा. लोक थांबतील."

आरती झाली. लोक उठले, दारापर्यंत आले. बाहेरून तुपाचा वास यायला लागलेला. दारात ताई उभी. "प्रसाद व्हायचाय अजून. बसा जरा." आता मला सांगा, प्रसाद न घेता जायची हिंमत मुखेडात कुणाची आहे? आणि तोही हुग्गी? पब्लिक गुमान माघारी फिरलं, खुर्च्यांवर बसलं. मी मशीन चालू केली. या गावानं त्या दिवशी पहिल्यांदा गौरम्माचं तोंड बघितलं.

पुढचं तुम्ही आता बघितलेलं आहे, तरी सांगतो. महाराज झाडाखाली देव होतात तेव्हा इकडं गौरम्मा शेत नांगरते, बाजारात ज्वारी विकते, पोर वाढवते. बऱ्याच वर्षांनी महाराज गावोगाव भिक्षा मागत फिरतात आणि एका दारात उभे राहतात. ते दार त्यांचंच असतं. दयानंदच्या मूळ कथेत असं होतं की बायको पदर पसरून त्यांच्या पायावर पडते, महाराज अंगारा देतात आणि विजा चमकतात. शूटिंगच्या दिवशी सुकन्याताई म्हणाली, "मी पाया पडते. पण आधी एक विचारते." काय विचारणार ते तिनं दयानंदला सांगितलं. त्या दिवशी लाइट लवकर जाणार होती म्हणून दयानंदनं वाद घातला नाही. आपल्या एम.एस.ई.बी.चे कलेवर केवढे उपकार आहेत!

अंगणात चार पोरी पाठमोऱ्या बसलेल्या आहेत, सारखे परकर, दोन-दोन वेण्या. गौरम्मा सूप भरून दाणे आणते आणि म्हणते, "भिक्षा तर वाढतेच महाराज, माझ्या दारातून कुणी रिकामं गेलं न्हाई. पण या चौघींतली तुमची लेक कोणती, तेवढं सांगून जावा."

महाराज चौघींच्या पाठींकडं बघत राहतात. शेषेराव नुसते उभे. ज्या दयानंदला झूम केल्याशिवाय अक्षता टाकता येत नाहीत त्यानं तिथं कॅमेरा जागचा हलवला नाही. थिएटरात पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. नागुबाई, आपल्या चौकात भाजी विकते ती, तिसऱ्या रांगेतून ओरडली, "सांग की रे बाबा! मुका झालास का?" देवाला! मुखेडात, भरल्या थिएटरात, महाराजांना! एकाही माणसानं तिला गप्प केलं नाही.

सोमेश तेव्हा दारात उभा होता. हुग्गी वाढायला अजून किती वेळ आहे ते बघायला आत आलेला, हातात पळी. त्या चार पोरींत त्याची शिवांगी होती. लहान मुली पाहिजे होत्या, फुकटच्या पाहिजे होत्या, म्हणून दयानंदनं गल्लीतल्याच गोळा केलेल्या. सोमेशला एवढंच ठाऊक होतं की आपली पोरगी कुठंतरी पिक्चरात आहे. तो पडद्याकडं बघत राहिला आणि एकदम मोठ्यानं म्हणाला, "तिसरी! तिसरी बसलेली ना, ती हाय!"

सगळं थिएटर मागं वळून त्याच्याकडं बघायला लागलं. तेवढ्यात पडद्यावर पोरी वळल्या. तिसरी ज्ञानोबा टेलरची पोरगी होती. शिवांगी पहिली होती, अगदी कडेला.

मी वर मशीनच्या खोलीतून बघत होतो. मंडळी, हसणं हा माझा धर्म आहे. देवळात हसलोय, मयतीत हसलोय. त्या दिवशी मला हसू आलं नाही. कुणालाच आलं नाही. सोमेशनं पळी दाराशी ठेवली आणि निघून गेला. चप्पलसुद्धा घातली नाही. बाहेर चुलीपाशी ताईला कुणीतरी धावत जाऊन सांगितलं. तिनं सगळ्या थिएटराला हुग्गी वाढली, शेवटच्या माणसापर्यंत, आणि मग पातेलं घासून घरी गेली.

त्या घरी जे झालं ते मी ताईला विचारून सांगतोय. ताई, सांगू ना? मान हलवली, हाव म्हणतेय. सोमेश अंधार करून बसलेला. म्हणाला, "चार लोकांत माझी इज्जत घालवलीस. जे म्हणायचं ते घरात म्हणायचं व्हतं."

ताई म्हणाली, "घरातच म्हणून राहिले इतकी वर्षं. दर टायमाला तुमी आरतीला निघालेले असता."

यावर मी काही भाष्य करणार नाही. अध्यक्षांनी केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन, "शिवशंकर, तो प्रसंग काढा. मठानं छापलेल्या चरित्रात असं काही नाही. महाराजांचा अपमान आहे." मी म्हणालो, "साहेब, तुम्ही बघितला का?" म्हणाले, "न बघता सांगतोय म्हणूनच निःपक्षपाती आहे." मी फोन ताईच्या हातात दिला. ताईनं विचारलं, "काका, चरित्रात गौरम्माचं काय लिहिलंय?" अध्यक्ष म्हणाले, "काहीच नाही." ताई म्हणाली, "मग ती गप बसली असं बी लिहिलेलं न्हाई की." अध्यक्षांनी फोन ठेवला. संध्याकाळी घरून काकूंना घेऊन आले, पूर्ण पिक्चर बघितला, हुग्गीचे दोन द्रोण घेतले आणि प्रसंगाबद्दल पुन्हा बोलले नाहीत. काकू मात्र नंतर मैत्रिणींना घेऊन तीन वेळा आल्या. अध्यक्ष मान खाली घालून पत्रिका वाचताहेत, वाचू द्या.

आता पत्रिकेतला विषय, व्यावसायिक यश. ते प्रामाणिकपणे सांगायचं तर आमचा धंदा आधी पडला. पुरुष मंडळी कमी झाली. काहीजण आरतीलाच निघायचे, हुग्गीवर पाणी सोडून. मी शेठकडं बघायचो, शेठ माझ्याकडं. मग दुपारच्या खेळाला खेड्यांतून टेम्पो यायला लागले. नुसत्या बायका. सुना, सासवा, नणंदा. बऱ्याच जणी नवऱ्याला दंडाला धरून आणायच्या आणि मधल्या खुर्चीवर बसवायच्या, दोन्हीकडून वाट बंद. त्या प्रसंगाला थिएटरातले नवरे जसे खाली बघायचे तसं मी परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा बघितलेलं नाही. शेठचं भांडवल निघालं, वर चार पैसे राहिले. त्यातून आणखी दोन पातेली घेतली, स्वतःच्याच दुकानातून, स्वतःलाच एक पैसा न सोडता.

तिकडं नांदेडला मॉलमधल्या थिएटरात पिक्चर लागलेला. तिथं बाहेरचं खायला आत नेता येत नाही. म्हणजे हुग्गी नाही. तिथं पब्लिक आरतीला उठून घरी. वितरक खूश. त्याचा फोन आला, "शेठ, लातूरला अर्धाच लावतो. आरतीपर्यंतचा. डबल खेळ, डबल धंदा. पुढचं कापून टाका, ती बाई बोलून बोलून डोकं खाते." मी शेठच्या शेजारीच बसलो होतो. खरं सांगतो, मला वाटलं शेठ हो म्हणणार. शेठ आयुष्यात डबल या शब्दाला कधी नाही म्हणालेले नाहीत. त्यांनी फोन कानाला तसाच धरला आणि समोरच्या भांड्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हे बघा, मी अर्धं पातेलं कधी इकलं न्हाई. पिक्चर बी अर्धा इकायचा न्हाई. लातूरला लावायचा तर पुरा लावा, थिएटर असं बघा जिथं अंगणात चूल मांडता येईल." वितरकाला वाटलं शेठला वेड लागलंय. शेठ, मी तुमच्याबद्दल आयुष्यभर लई वाईट बोलत आलोय, पुढंही बोलणार. पण त्या दिवशी तुमच्या पाया पडावंसं वाटलं, हे या माईकवरून सांगतो.

म्हणून उद्या सकाळी पिक्चरबरोबर पातेली चालली आहेत आणि पातेल्यांबरोबर सुकन्याताई.

राहिला सोमेश. त्या दिवसानंतर तो टॉकीजला आला नाही, मठातही दिसेना. गावात बोलणं सुरू झालं, शरम वाटली, हा आता महाराजांसारखाच घर सोडणार. ताईच्या आईनं तर येऊन तिला झापलं, "लागला का निकाल तुझ्या नाटकाचा?" ताई वरून कणखर दाखवायची, पण मी चुलीपाशी तिला बघत होतो. धूर डोळ्यांत गेला म्हणायची. तीसुद्धा घाबरलेली होती. माणसाला दाखवायला जावं आणि माणूसच हातचा जावा, अशी भीती तिला वाटत होती.

मग एका सकाळी आमच्या घरासमोरून शिवांगी शाळेत चाललेली. डोक्यावर दोन वेण्या. एक कानाच्या वर, एक मानेवर. एक घट्ट, एक सुटत आलेली. रिबिनीची गाठ अशी, जशी गोणीच्या तोंडाला मारतात. मी विचारलं, "काय गं, हे काय?" ती म्हणाली, "पप्पांनी घातल्या. सोडायच्या न्हाईत म्हणलेत." दुसऱ्या दिवशीही तशाच. रोज तशाच. शाळेत पोरी हसतात, बाई हसतात, ती सोडत नाही. सोमेश मठात जातो हां, सोडलेलं नाही. सोमवारी अजूनही आरतीचं ताट त्याच्याच हातात असतं. फक्त वेणी घालून झाल्यावर जातो, त्यामुळं आरती आता जरा उशिरा होते आणि विश्वस्त मंडळ नाराज आहे.

परवा ताईच्या लातूरचं ठरलं तेव्हा मी सोमेशला बाजारात गाठलं. म्हणालो, "ताई आठवडाभर न्हाई. दुकानाचं काय? पोरीचं काय?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मीच मूर्ख आहे. म्हणाला, "काय म्हंजे? मी हाय की."

शिवांगी, बाळा, जरा उभी राहा. लाजू नको. आता अशी पाठ कर सगळ्यांकडं. बघा मंडळी. हसताय? हसा. पण हिला आता चारशे पोरींत पाठमोरी बसवा, सोमेश दारातूनच ओळखेल. अशी वाकडी वेणी मुखेडात दुसऱ्या कुणाला घालता येत नाही.

तुम्ही माझं एवढं ऐकून घेतलंत, तुमचे लई उपकार. चंद्रप्पाशेठ, दयानंदभाऊ, शेषेराव आणि ज्यांनी पिक्चर शेवटपर्यंत बघितला ते सगळे, तुमचेही आभार. देवाबद्दल, अध्यक्षांबद्दल किंवा कुणाच्या नवऱ्याबद्दल माझ्या तोंडून कमी-जास्त निघालं असेल तर टॉकीजवाल्याची जीभ म्हणून सोडून द्या, मनात धरून घरी नेऊ नका. ताई, लातूरला सांभाळून जा, इकडची काळजी करू नको. शरणु शरणार्थी.